चांद-सूर्याचं निशाण

खालाची पितळी ताटली आता माझ्या ओट्यावर भिंतीला टेकून उभी असते. अमरावतीच्या आमच्या फ्लॅटमध्ये पितळेचं म्हणावं असं दुसरं काही उरलेलं नाही. तिच्यात कोणी जेवत नाही, तिच्यावर काही झाकून ठेवत नाही. चिंच लावून घासली की दोन-चार दिवस चमकते आणि मग पुन्हा आपल्या वयाची दिसू लागते. तिच्या कडेला एक खाच आहे, करंगळीचं टोक बसेल एवढी. चहा उकळेपर्यंत माझं बोट आपोआप तिथे जातं. मुलगा म्हणतो, आई, ही कशाला ठेवलीस, धार लागेल कोणाला तरी. मी म्हणते, लागू दे.

या ताटलीतून मूर्तिजापुरात एके काळी सूर्य निघायचा, चंद्र निघायचा आणि धम्मचक्रही निघायचं.

आमचं घर स्टेशनकडच्या गल्लीत होतं, आणि भिंतीला भिंत लावून चाचांचं शिवणकामाचं दुकान. पुढे चाचा मशीनवर बसायचे, मागे त्यांची बायको, हमीदाखाला, जमिनीवर सतरंजी टाकून कापड बेतायची. ती भिंत इतकी पातळ होती की चाचांनी मशीन थांबवलं की आमची आई हातातलं काम टाकून विचारायची, "काहून वो भाभी, चहा मांडला का?" आणि भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "मांडला, या." कपभर चहासाठी दोन घरांचे उंबरे ओलांडण्यात दोघींना काही वाटायचं नाही. आई तिला कधी भाभी म्हणायची, कधी नुसतं हमीदा. राग आला असला की हमीदाबी.

दुकानाचा वास मला आजही कापडाच्या कुठल्याही दुकानात शिरताना आठवतो. कोऱ्या पॉपलीनची खळ, मशीनचं तेल, कोळशाची इस्त्री ठेवून जरासं करपलेलं कापड, आणि या सगळ्यांच्या वर साबण. कारण खाला खडूने आखायची नाही. वापरून वापरून पातळ झालेली साबणाची चिपटी तिच्या डब्यात जमा असायची. गडद कापडावर त्या चिपटीची रेघ पांढरी उमटते, फिक्या कापडावर निळ्या वडीची चिपटी चालते, आणि धुतली की दोन्ही जातात. "खडू ऐनवक्ती दगा देते," असं तिचं मत होतं.

झेंड्यांचा हंगाम चैत्रात सुरू व्हायचा. मरीमायची पुनव, एप्रिलातली जयंती आणि दर्ग्याचा उरूस काही वर्षी इतके जवळजवळ यायचे की दुकानात आडव्या बांधलेल्या दोरीवर भगवा, निळा आणि हिरवा एकमेकांना चिकटून लोंबायचे. दारातून ऊन आत आलं की आमच्या हातापायांवर ते तिन्ही रंग पडायचे. मी आणि खालाची शमीम खाली बसून कतरणी, कापून उरलेले तुकडे, वेचायचो. आमच्या बाहुल्यांकडे कपडे होते ते असे, भगवं पोलकं, हिरवा घागरा, निळी ओढणी. बाहुली कुठल्या धर्माची असं कोणी विचारलं असतं तर आम्ही दोघींनीही सांगितलं असतं, आमची.

खाला सतरंजीवर पिवळं कापड पसरायची, त्यावर ताटली उपडी ठेवायची आणि साबणाच्या चिपटीने तिच्याभोवती रेघ फिरवायची. झाला सूर्य. मग पांढरं कापड, तशीच ताटली, तशीच रेघ. आता ताटली दोन बोटं सरकवायची आणि पुन्हा अर्धी रेघ. झाली चंद्रकोर. निळ्या झेंड्यासाठी पांढरा गोल कापला की आमच्या शेजारच्या तायडेबाई, सरकारी दवाखान्यातल्या नर्स, स्वतः येऊन चाकाचे आरे मोजून आखून द्यायच्या. त्यात त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत.

ताटलीला खाच असल्यामुळे तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक गोल एका जागी छोटा चावा घेतल्यासारखा दिसायचा. सूर्यही, चंद्रही. तायडेबाईंना ते खपलं नाही. "हमीदाबी, हे चाक हाय. खड्डा असन तर चालन कसं?" त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं होतं. खालाने ताटली जरा फिरवली, खाचेच्या जागी चांगली कड आणली आणि रेघ पुरी करून दिली. तेव्हापासून चाक तेवढं गोल निघू लागलं. देवीला आणि पीरबाबांना मात्र कोणी असं भांडणारं भेटलं नाही, त्यामुळे त्यांचे सूर्य-चंद्र चावलेलेच राहिले.

ती खाच कशी पडली हेही खाला सांगायची. लग्न होऊन ती अचलपूरहून शकुंतलेने, त्या रमतगमत चालणाऱ्या छोट्या आगगाडीने, मूर्तिजापूरला आली. भांड्यांचं गाठोडं डब्याच्या दारात ठेवलं होतं. मधल्या एका स्टेशनाच्या अलीकडे गाठोडं सुटलं आणि ताटली घरंगळत खाली गेली. खालाचे मामा चालत्या गाडीतून उतरले, रुळाकडेला पडलेली ताटली उचलली, धोतर झटकलं, आणि चालत चालत पुन्हा त्याच डब्यात चढून बसले. "मामू गाडीच्या पुढं बी निघून गेले अस्ते," खाला हसायची, "पर नवरीले सोडून कसे जाते?" आता ती गाडी बंद आहे. काही जागी रुळांवर बाभळी उगवल्या आहेत.

चंद्राची गोष्ट माझ्यापासून सुरू होते, म्हणून ती सांगायला हवी.

मी चार-पाच वर्षांची असताना मला माता निघाल्या. अंगभर फोड आणि दोन्ही डोळे घट्ट चिकटलेले. मला त्यातलं फक्त ऐकलेलं आठवतं, कारण दिसत काहीच नव्हतं. कडुनिंबाचे डहाळे हलायचा आवाज. तायडेबाई उकळलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायच्या तेव्हा वाटीचा होणारा आवाज. भिंतीपलीकडचं मशीन. चाचांनी त्या दिवसांत मशीन गोणपाटाच्या घडीवर ठेवलं होतं, आवाज कमी यावा म्हणून, आणि तरी मला तो यायचा. त्या अंधारात तेवढं एक सुरळीत चाललेलं होतं.

डोळे गेले तर काय, या भीतीने आईने मरीमायला नवस बोलला. पोरीची दृष्टी येऊ दे, मी जिवंत आहे तोवर दर चैत्र पुनवेला तुला सूर्याचं निशाण चढवीन. खाला तिथेच डहाळ्याने माझ्या अंगावर वारा घालत होती. ती म्हणाली, "एकच सूरज काहून मांगता? दोन डोये हायत ना पोरीले."

आई म्हणाली, "मंग?"

"मंग चांद बी बोला. उजवा सूरज, डावा चांद."

आईला ते पटलं, कारण मरीमायच्या देवळाच्या पायथ्याशी शेंदूर माखलेला एक जुना दगड होता आणि त्यावर वर सूर्य आणि शेजारी चंद्रकोर कोरलेली होती. चांद-सूर्य आहेत तोवर ही जमीन देवीची, असा त्या दगडाचा अर्थ, असं गावातली जुनी माणसं सांगायची. म्हणजे देवीच्या घरी चंद्राची बैठक आधीपासून होतीच.

माझे डोळे उघडले. ते तायडेबाईंच्या उकळलेल्या पाण्याने उघडले की नवसाने, हा वाद आमच्या घरात आजही मिटलेला नाही. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे माझं मत उघड आहे. आईचंही उघड आहे.

तेव्हापासून दर चैत्रात भगव्या कापडावर पिवळा सूर्य आणि पांढरा चंद्र शिवून खाला आईच्या ओटीत घालायची. त्याचे पैसे तिने घेतले नाहीत, आणि आईने विचारलेही नाहीत. आम्ही हलगी वाजवत देवळाकडे जायचो. रस्ता तापलेला असायचा, डांबर चपलेला चिकटायचं. निशाण वर चढलं, वाऱ्याने उघडलं की आई माझी हनुवटी धरून चेहरा वर करायची. "पाह्य. हा उजवा. अन् हा डावा." मी एकेक डोळा मिटून खात्री करून घ्यायची.

काही वर्षी त्यानंतर थोड्याच दिवसांनी उरूस असायचा. दर्ग्यावर हिरवा झेंडा चढायचा आणि त्याच्यावर तसाच चंद्र. त्याच ताटलीचा, त्याच जागी चावलेला. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी आनंदाने वेडी झाले होते. मला वाटलं, आपला डावा डोळा इथेही लावलाय. दोन ठिकाणी लावलाय म्हणजे तो आता अगदीच पक्का. कितीतरी वर्षं माझी अशीच समजूत होती की पीरबाबांकडे जमलेली ती सगळी माणसं, हातात फुलांची चादर धरून चाललेली, माझ्या डाव्या डोळ्यासाठीच चालली आहेत. कोणी मला खोडलं नाही. किती बरं वाटायचं त्या दिवसांत, ते आता सांगता येत नाही.

मग आम्ही अमरावतीला आलो. वडिलांची बदली, माझं कॉलेज, लग्न, मुलं. मी घरातली एकटीच, त्यामुळे वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. चाचा गेले, शमीम लग्न होऊन दूर गेली, खाला अकोल्याला मुलाकडे गेली. तायडेबाई निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या. त्या पातळ भिंतीच्या दोन्ही बाजूंना आता एकच मोबाईलचं दुकान आहे. पण निशाण चुकलं नाही. खाला अकोल्याहून शिवून पाठवायची, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती, आणि आई चैत्रात मूर्तिजापूरला जाऊन चढवून यायची.

काही वर्षांपूर्वी एक चैत्र असा आला की आई निशाण घेऊन परत आली. देवळाला नवीन टाइल्स बसल्या होत्या, नवी समिती झाली होती. तो कोरलेला दगड टाइल्सच्या मागे गेला होता. समितीचा अध्यक्ष म्हणजे आमच्याच गल्लीतला दिनेश, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. वाईट माणूस नाही. आईच्या पाया पडून म्हणाला, "काकू, माह्यं काही नाही. पन आता जमाना मोबाईलचा हाय. कोनी फोटो काढते अन् टाकते, का बा मरीमायवर त्याहीचा चांद लावला. मंग कोनाकोनाले समजावत बसू? सूर्य ठेवा, चांद काढून आना."

त्याहीचा चांद, म्हणजे त्यांचा. आईने घरी येऊन ते शब्द मला सांगितले, तेव्हा तिला राग आलेला नव्हता. तिला ते कळलंच नव्हतं. "त्याहीचा कसा वो?" ती मला विचारत होती. "तुह्या डोयाचा हाय ना थो."

मी तिला काय सांगणार होते? हिरव्यावर इतकी वर्षं दिसत राहिला म्हणून चंद्र हिरव्याचा झाला. निळ्यावर दिसत राहिलं म्हणून चाक निळ्याचं. भगव्यावरून तो उतरला की आणखी दहा वर्षांनी पोरांना वाटेल, इथे तो कधी नव्हताच. माणसं चिन्हांवर मालकी सांगतात ती बहुतेक अशीच, भांडून कमी आणि विसरून जास्त. हे सगळं मी मनात म्हटलं. आईला म्हटलं, जाऊ दे.

तिने स्वतः बसून चंद्राची शिवण उसवली. सुई घेऊन एकेक टाका. चंद्र मोकळा झाल्यावर त्याच्या कडेचे दोरे वेचले, घडी घातली आणि देवघरात ताम्हनाखाली ठेवून दिला. पुढच्या वर्षांत निशाण नुसत्या सूर्याचं चढत राहिलं. आई ते चढवून आली की प्रसाद द्यायची, पण माझी हनुवटी धरून दोन्ही डोळे निरखायची तिची सवय मोडली.

आणि या वर्षी माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

डॉक्टरांनी अगदी सहज सांगितलं, पिकलाय, करून टाकू, तासाभराचं काम. साठी जवळ आलेल्या बाईला मोतीबिंदू होणं यात नवल ते काय. पण आईने डावा हा शब्द ऐकला आणि ती जागच्या जागी बसली.

"मी ऑपरेशन करू देत नाही," ती म्हणाली.

"आई, मोतीबिंदू वयाने होतो. चंद्राने नाही."

"उजवा चांगला हाय का तुह्या?"

"आहे."

"सूर्य चढून राह्यला म्हनून चांगला हाय. डाव्याचं देनं म्या थकवलं. आधी चांद चढू दे, मंग कर काय कराचं थे."

मी तिला लेन्सचं चित्र काढून दाखवलं. पोरांना दाखवायचे तसंच. तिने ते नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर हाय तुह्यं. पन माह्या जीवाले लागून राह्यलं ना, माय." ऐंशी ओलांडलेली बाई, रात्रीचं जेवण अर्धं सोडू लागली. मी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. विज्ञान शिकवणारी मी एका कापडाच्या चंद्रासाठी थांबले, कारण माझ्या डोळ्यापेक्षा तिचा जीव मोठा होता. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दिनेशला फोन केला. आईच बोलली. त्याने बराच वेळ 'काकू, काकू' केलं आणि शेवटी म्हणाला, "मले तुमचं समजते वो. पन चांद दिसाले नको, काकू. बाकी तुमी काही करा." आईने फोन ठेवला आणि ते एकच वाक्य घोळवत बसली. "दिसाले नको म्हन्ला. लावाले नको, असं नाही म्हन्ला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो.

खाला तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसली होती. मशीन शेजारीच होतं, त्याच्यावर फुलांची चादर टाकलेली. तिने आईला ओळखायला एक क्षण घेतला, मग दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. खालाची सून चहा घेऊन आली. गॅलरीतून खाली भाजीवाल्याची हाक येत होती.

"तब्येत कशी हाय?" खालाने विचारलं.

"माह्यी चांगली हाय. पोरीचा डोया गेला."

"गेला नाही खाला," मी घाईने म्हटलं, "मोतीबिंदू आहे."

"डावा?"

"डावा," आई म्हणाली. आणि तिने पिशवीतून देवघरातला चंद्र काढून खालाच्या मांडीवर ठेवला.

खालाने तो चाचपला. बोटाने कडेवरून फिरत फिरत ती खाचेपाशी थांबली आणि हसली. मग म्हणाली, "माह्याजवळ बी एक पडेल हाय. दर्ग्यावर बी आता छापलेला झेंडा येते. पह्यले तिथं कोपऱ्यात एक सूरज राहे, बुनकरांचा मन्नतचा. पोट्टे म्हन्ले, खाला, सूरज नको, ये उनका है. तुमचा चांद बेकार, माह्या सूरज बेकार."

दोघी हसल्या, आणि मग आई एकदम रडायला लागली. खालाने तिला रडू दिलं. आईने दिनेशचं बोलणं सांगितलं, चांद दिसाले नको.

खाला विचार करत राहिली. मग सुनेला म्हणाली, "बेटा, पेटीतला भगवा कपडा दे. आन् वो थाली."

पांढरा चंद्र तिने बाजूला ठेवला. भगव्याच्याच एका तुकड्यावर ताटली उपडी घातली, साबणाची चिपटी मागवली. सुनेकडे हात धुवायचा द्रवरूप साबण होता, त्याने काही आखता येईना. शेवटी न्हाणीघरातून कपड्यांच्या वडीचा तुकडा आला. ताटली मी दाबून धरली. रेघ फिरली. दोन बोटं सरकवली. पुन्हा अर्धी रेघ.

"खाला, भगव्यावर भगवा?" मी विचारलं. "दिसणार कसा?"

"नाहीच दिसाले पायजे म्हन्ला ना थो?" ती म्हणाली. "बस तू. सुई ओवून दे."

सुई ओवायला बसल्यावर कळलं की गॅलरीत बसलेल्या आम्हा तिघींत धड असा एकच डोळा आहे, माझा उजवा. डावा मिटून, जीभ दाताखाली धरून मी दोरा ओवला. दोराही भगवाच. खालाने चंद्र हातानेच शिवला, उलट्या टाक्याने, बारीक. शेजारी पिवळा सूर्य लावला. वरून पाहिलं तर निशाणावर एकटा सूर्य होता. चंद्राच्या जागेवरून हात फिरवला तरच कापड जाड लागत होतं. निघताना तिने ताटली माझ्या पिशवीत घातली. मी नको नको म्हटलं, तर म्हणाली, "माह्या घरी आता इच्यात कोन जेवते? तू विज्ञानवाली. घासून ठेव."

पुनवेला मूर्तिजापुरात ऊन नेहमीसारखंच रणरणत होतं. देवळापुढे मंडप, स्पीकर, पन्नास-पाऊणशे माणसं. दिनेशने निशाण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. सूर्य दिसला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "बेस झालं, काकू," तो म्हणाला.

निशाण चढलं. वारा पडलेला होता, ते काठीला लोंबत राहिलं. आरती झाली, ऊन कलायला लागलं. माणसं प्रसादाच्या रांगेत उभी राहिली. आईने खुर्ची मंडपाबाहेर ओढून घेतली आणि वर बघत बसली. मला वाटलं, दमली असेल.

मग वारा आला आणि निशाण पुरतं उघडलं. सूर्य त्याच्या मागे होता, खरा सूर्य. एकेरी कापडातून ऊन आरपार येत होतं आणि सगळं निशाण पेटल्यासारखं पिवळट भगवं झालं होतं. कापड जिथे दुहेरी होतं तिथे ऊन अडत होतं. उजवीकडे सूर्याचा गोल काळपट, आणि डावीकडे तितकीच गडद चंद्रकोर. कडेला खाचेसकट.

शेजारी उभ्या असलेल्या दिनेशने वर पाहिलं. द्रोण त्याच्या हातातच राहिला.

"काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "हे दिसून राह्यलं ना वो."

आईने वरची नजर काढली नाही. आता तो पोरांना हाक मारील, काठी खाली घेतील, आणि आई इथेच कोसळेल, असं मला वाटत होतं. रांगेतल्या एका पोराने मोबाईल वर केला होता.

दिनेश डोळ्यांवर हात धरून अजून वरच बघत होता. "थे खाच..." तो म्हणाला. "खालाच्या ताटलीची हाय ना? आमच्या पतंगाले बी तशीच राहे. मायनं खालाकडूनच गोल कापून आनला होता." मग थोड्या वेळाने, "खाला हाय का अजून?"

"हाय," आई म्हणाली. "अकोल्याले. तिनंच शिवलं."

त्याने मोबाईलवाल्या पोराच्या हातावर आपला हात ठेवला. "ठेव बे खिशात. प्रसाद घे पह्यले." आणि आईकडे न बघता म्हणाला, "आता उतरवाले कोन चढते इतक्या उन्हात. राहू द्या."

आईने त्याचं मनगट धरलं. "तुले दिसला नं?"

"दिसला, काकू."

"मंग माह्या पोरीलेबी दिसन."

वैशाखात माझं ऑपरेशन झालं. त्या दिवशी आईने पोटभर जेवून घेतलं आणि दवाखान्याच्या बाकावर बसून झोपली.

परवा सकाळच्या गाडीने मी खालाला भेटायला अकोल्याला निघाले होते. मूर्तिजापूर सोडलं, देऊळ मागे पडलं, आणि मी खिडकीतून वळून पाहिलं. सकाळचं ऊन निशाणाच्या मागून येत होतं. दोन महिन्यांच्या उन्हाने भगवा विटून फिका झाला होता, त्यामुळे चंद्र पुनवेपेक्षा आता जास्त ठळक होता. खाच तेवढ्यावरून दिसली असं म्हटलं तर खोटं होईल. मी उजवा डोळा हाताने झाकला आणि पुन्हा पाहिलं. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.

आईला फोन लावला. म्हटलं, दिसला.

"कोन्त्या डोयानं?"

"डाव्या."

गाडीचा आवाज तिकडे तिला ऐकू जात असावा. मग म्हणाली, "हमीदाले सांग."